खबर वेळेत पोचली होती: गॅरी थॉमस रो प्रकरण

गॅरी थॉमस रो हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात राहणारा गोरा कामगार होता. १९६० ते १९६५ या काळात तो कू क्लक्स क्लॅन या, काळ्या लोकांविरुद्ध हिंसा करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा सभासद होता आणि त्याच काळात एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा पैसे घेणारा खबऱ्याही होता. हिंसक संघटनेत माणूस पेरण्याचं प्रकरण म्हणून त्याची कथा साधारणपणे अशी सांगितली जाते: चुकीचा माणूस निवडला, तो हाताबाहेर गेला, लोक जखमी झाले, एका बाईचा जीव गेला.

मला ही मांडणी पटत नाही. रो हाताबाहेर गेलाच नव्हता. तो काय करतो, कुणाबरोबर करतो, उद्या काय करणार आहे, हे त्याच्या अधिकाऱ्यांना बहुतेक वेळा आधीच कळत होतं आणि ते त्यांच्या फायलीत लिहिलेलं होतं. या प्रकरणात पाहायचं आहे ते आत गेलेल्या माणसापेक्षा बाहेर टेबलाशी बसलेल्या माणसांकडे. त्यांच्या हाती खबर येत होती. पुढे तिचं काय होत होतं?

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तो विसरला की सगळी चर्चा भरकटते. संघटनेत शिरणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक असतो शपथ घेतलेला पोलीस अधिकारी. त्याला प्रशिक्षण असतं, खोटी ओळख दिलेली असते, वरिष्ठांना तो उत्तरदायी असतो आणि काम संपलं की त्याला परत जायला नोकरी असते. दुसरा असतो खबऱ्या. तो मुळातच त्या जगातला असतो, किंवा त्या जगात सहज खपून जाईल असा असतो. त्याला शपथ नाही, पेन्शन नाही. त्याची किंमत एवढीच की तो दाराच्या आत आहे. रो दुसऱ्या प्रकारातला होता. एफबीआयने १९६० मध्ये त्याला गाठलं तेव्हा तो विशीतला, शिक्षण अर्धवट सोडलेला, दारूच्या गुत्त्यांत मारामाऱ्या करणारा आणि पोलीस होण्याची अपुरी राहिलेली इच्छा मनात बाळगणारा माणूस होता. पोलीस असल्याची बतावणी केल्याबद्दल त्याला आधी दंडही झाला होता. म्हणजे क्लॅनला हवा असलेला दांडगट आणि सरकारसाठी गुप्त काम करण्याच्या कल्पनेने हुरळणारा माणूस, असे दोन्ही गुण त्याच्यात एकत्र होते. भरती करणाऱ्यांना तो आदर्श वाटला यात नवल नाही. त्याच्या दांडगाईमुळे तो आत टिकणार होता. पुढे कुणाच्या तरी डोक्यात काठी पडणार होती, तीही त्याच दांडगाईमुळे.

तो बर्मिंगहॅमच्या ईस्टव्ह्यू शाखेत सामील झाला. क्रमांक १३ ची ही शाखा क्लॅनमधल्या सर्वांत हिंसक शाखांपैकी एक होती. थोड्याच काळात रो तिथला पदाधिकारी झाला. अशा गटात वर चढण्याची वाट कोणती, हे एफबीआयला ठाऊक होतं.

मग आला १४ मे १९६१ चा रविवार.

दहा दिवसांपूर्वी, ४ मे रोजी, वॉशिंग्टनहून 'फ्रीडम रायडर्स' निघाले होते. सात काळे आणि सहा गोरे असे तेरा जण. आंतरराज्य बसप्रवासात आणि बसस्थानकांवर वंशभेद चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तो दक्षिणेत पाळला जातो का, हे ते स्वतः बसमध्ये शेजारी शेजारी बसून तपासणार होते. १४ मे रोजी ते अटलांटाहून दोन बसमधून अलाबामात शिरले. पहिली, ग्रेहाउंड कंपनीची बस, ॲनिस्टन गावाबाहेर जाळली गेली. दुसऱ्या, ट्रेलवेजच्या बसमध्ये ॲनिस्टनलाच क्लॅनचे लोक चढले आणि त्यांनी प्रवाशांना मारहाण केली. जखमी प्रवाशांना घेऊन ती बस दुपारी बर्मिंगहॅमच्या स्थानकावर पोचली. तिथे लोखंडी कांबी, साखळ्या आणि काठ्या घेतलेला जमाव वाट पाहत होता. एकही पोलीस नव्हता.

पोलीस नसणं हा योगायोग नव्हता. शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख असलेले आयुक्त 'बुल' कॉनर आणि क्लॅन यांच्यात आधीच ठरलं होतं: बस आल्यावर क्लॅनला पंधरा मिनिटं मिळतील, त्यानंतर पोलीस येतील. नंतर कॉनरने कारण दिलं की तो मातृदिन होता आणि पोलीस आपापल्या आईला भेटायला गेले होते.

या पंधरा मिनिटांच्या कराराची माहिती रोने एफबीआयला हल्ल्याच्या कितीतरी दिवस आधी दिली होती. बैठकीत काय ठरलं, पोलिसांतर्फे कोण बोललं, किती वेळ मिळणार, सगळं दिलं होतं. खबऱ्याकडून यापेक्षा चांगली खबर मिळू शकत नाही. ती नेमकी होती, वेळेत होती आणि खरी होती. आत माणूस पेरण्याच्या समर्थनात जे काही बोललं जातं, ते सगळं या खबरीने सिद्ध करायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? खबर बर्मिंगहॅम कार्यालयातून वर, मुख्यालयात गेली. तिथून ती ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय विभागाचे प्रमुख, रॉबर्ट केनेडी यांच्यापर्यंत गेली नाही. प्रवाशांना कुणी सांगितलं नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, मार्शल पाठवण्याचा विचार कुणापुढे मांडला गेला नाही. उलट एफबीआयच्या स्थानिक कार्यालयाने प्रवाशांचा मार्ग आणि बसची वेळ शहर पोलिसांना कळवली. ती कळवली गेली सार्जंट टॉम कुक याला, आणि कुक क्लॅनला माहिती पुरवतो हे रोच्याच अहवालांमुळे एफबीआयला माहीत होतं. क्लॅनमधून आलेली खबर सरकारी टेबलावर थांबली आणि सरकारी टेबलावरची माहिती क्लॅनपर्यंत सुरळीत पोचली.

एफबीआयचा नंतरचा बचाव असा की आम्ही तपास संस्था आहोत, संरक्षण देणं आमचं काम नाही, स्थानिक गुन्ह्याची माहिती स्थानिक पोलिसांना देणं हीच आमची रीत. कागदावर हे बरोबर दिसतं. पण स्थानिक पोलीसच कटात आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याने रीत पाळली म्हणजे काय केलं? रीतीच्या आडून त्याने निवड केली. ॲटर्नी जनरलला एक फोन करता आला असता. प्रवास आखणाऱ्या 'कोर' या संघटनेला सावध करता आलं असतं. दोन्हींपैकी काहीही केलं असतं तर रोची ओळख उघड होण्याची भीती होती, हे मान्य. तोल कशाचा कशाशी साधायचा होता ते इथे दिसतं: एका बाजूला खबऱ्याची जागा, दुसऱ्या बाजूला माणसांची डोकी. जागा वाचवली गेली.

रो त्या जमावात होता, आणि तो बघ्या नव्हता. टॉमी लँग्स्टन या स्थानिक वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने स्थानकाच्या वाटेत एक छायाचित्र टिपलं. जमावाने त्याला मारलं, कॅमेरा फोडला, पण फिल्म वाचली. त्या छायाचित्रात काही जण मिळून एका काळ्या माणसाला मारत आहेत आणि त्यांत पाठमोरा रो आहे. जेम्स पेक या गोऱ्या प्रवाशाच्या डोक्याला पन्नासहून अधिक टाके पडले. एकसष्ट वर्षांचे वॉल्टर बर्गमन, ज्यांना ॲनिस्टनला बसमध्येच तुडवलं गेलं होतं, पुढे आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत राहिले. छायाचित्रातला माणूस आपला आहे हे एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी ओळखलं. त्यांनी त्याला कामावर ठेवलं.

का ठेवलं, याचं उत्तर चौदा वर्षांनी सिनेटच्या चौकशी समितीपुढे आलं. रोच्या एका संपर्क अधिकाऱ्याने तिथे जे सांगितलं त्याचा आशय असा: तू तिथे हजर राहा, सगळं पाहा, आम्हाला सांग, पण स्वतः स्वच्छ राहा, असं त्याला सांगणं अवघड होतं, देवदूत राहून चांगला खबऱ्या होता येत नाही. मी हे विधान प्रामाणिक मानते. अशा कामातली खरी अडचण त्यात आहे. हिंसक गटात विश्वास मिळवायचा तर हिंसेत भाग घ्यावा लागतो, किमान तो घेताना दिसावं लागतं. जो प्रत्येक वेळी मागे राहतो त्याच्यावर आधी संशय येतो, मग त्याला महत्त्वाच्या बैठकीला बोलावत नाहीत. पण ही अडचण आहे असं म्हणून थांबणं आणि तिच्यावर काही नियम करणं यांत अंतर आहे. रोच्या बाबतीत मर्यादा कुठे आहे हे कुणी लिहून ठेवलं नाही. तोंडी सांगितलं जायचं की हिंसा करू नकोस. प्रत्यक्षात हिंसा केल्यावर काहीच घडत नसे, आणि अहवाल मात्र स्वीकारला जाई. माणूस सूचनेपेक्षा परिणामावरून शिकतो. रो काय शिकला ते उघड आहे.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट झाला आणि ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली मारल्या गेल्या. ज्या तिघांना पुढे शिक्षा झाली, त्यांचा संबंध रोच्याच ईस्टव्ह्यू गटाशी होता. शिक्षा झाल्या १९७७, २००१ आणि २००२ मध्ये. आत माणूस असूनही हा कट आधी समजला नाही. बैठकीत बसणाऱ्याला बैठकीत बोललेलं कळतं. तीन-चार जणांनी बाहेर, आपसांत ठरवलेलं कळेलच असं नाही. पदाधिकारी खबऱ्या असला की सगळं दिसतं हा समज इथे मोडतो. एफबीआयने धडा घेतला तो संख्येचा: १९६५ मध्ये संचालक जे. एडगर हूव्हर यांनी ॲटर्नी जनरलना कळवलं की क्लॅन आणि तत्सम गटांमध्ये आपले सुमारे दोन हजार खबरी आहेत.

आता २५ मार्च १९६५. सेल्मा ते माँटगोमेरी हा मतदान हक्कासाठीचा मोर्चा त्या दिवशी अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमेरीत, पोचून संपला. व्हायोला लिउझो ही डेट्रॉइटची, एकोणचाळीस वर्षांची, पाच मुलांची आई. सेल्माच्या पुलावर निदर्शकांना झालेली ७ मार्चची मारहाण पाहून ती स्वतःची गाडी घेऊन आली होती आणि मोर्चातल्या लोकांची ने-आण करत होती. संध्याकाळी ती लेरॉय मोटन या एकोणीस वर्षांच्या काळ्या कार्यकर्त्याबरोबर सेल्माहून पुन्हा माँटगोमेरीकडे निघाली. सेल्मातच एका गाडीतल्या चार क्लॅनवाल्यांच्या नजरेत ती आली. त्यांनी महामार्ग ८० वर भरधाव पाठलाग केला आणि लाउंड्स काउंटीत, गाडी शेजारी आणून, गोळ्या झाडल्या. लिउझो जागीच मेली. मोटन मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला म्हणून वाचला.

त्या चौघांपैकी एक होता रो. त्याने त्याच सकाळी आपल्या संपर्क अधिकाऱ्याला फोन करून सांगितलं होतं की मला काही जणांबरोबर माँटगोमेरीला जायला सांगितलं आहे. अधिकाऱ्याने जायला हरकत घेतली नाही. चार वर्षांपूर्वीच्या प्रसंगाशी हे ताडून पाहिलं की कळतं, दोन्हींत निर्णय एकाच प्रकारचा होता. आपला माणूस तिथे असेल, आपल्याला कळेल, एवढं पुरेसं मानलं गेलं. त्या गाडीत हिंसा सुरू झाली तर त्याने काय करायचं, याला उत्तर नव्हतं. रोने नंतर सांगितलं की त्याने पिस्तूल खिडकीबाहेर काढलं, पण गोळी झाडली नाही. त्याच्या साथीदारांपैकी दोघांनी पुढे, १९७८ मध्ये, गोळी त्यानेच झाडली असा दावा केला. यातलं खरं काय हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही.

रोमुळे आरोपी चोवीस तासांत सापडले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी २६ मार्चला हूव्हर यांना शेजारी उभं करून दूरचित्रवाणीवर अटकेची घोषणा केली. खबऱ्या पेरण्याचा फायदा म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो, आणि तो फायदा खराच आहे. रोच्या साक्षीशिवाय ते तिघे कधी सापडले असते याची खात्री देता येत नाही.

पण त्याच दिवशी हूव्हर राष्ट्राध्यक्षांना फोनवर मृत बाईबद्दल सांगत होते की तिच्या हातावर सुईच्या खुणा आहेत आणि ती त्या काळ्या मुलाला चिकटून बसली होती. शवविच्छेदनात अंमली पदार्थांचा काही पुरावा मिळाला नाही. तरी अफवा पसरल्या, आणि त्या एफबीआयमधून निघाल्या होत्या हे कुटुंबाला बऱ्याच वर्षांनी, फायली मिळाल्यावर कळलं. हा भाग मला सगळ्या प्रकरणात सर्वांत संतापजनक वाटतो. आपला खबऱ्या खुनाच्या गाडीत होता, या प्रश्नावरून नजर हटवण्यासाठी मेलेल्या बाईचं चारित्र्य वापरलं गेलं. ज्या पाच मुलांची आई गेली, त्यांनी शाळेत हे टोमणे ऐकले.

राज्याच्या न्यायालयात त्या तिघांपैकी कॉली लेरॉय विल्किन्सवर खटला चालला. मे १९६५ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही. बचाव पक्षाने पुराव्यापेक्षा रोवर हल्ला चढवला: याने क्लॅनची शपथ मोडली, जो शपथ मोडतो त्याच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात सगळ्या गोऱ्या ज्युरीने विल्किन्सला निर्दोष सोडलं. आत शिरलेला माणूस तपासात जितका उपयोगी, साक्षीच्या पिंजऱ्यात तितकाच कच्चा ठरू शकतो. त्याचा प्रत्येक गुन्हा, प्रत्येक खोटं आणि घेतलेला प्रत्येक डॉलर बचावाच्या वकिलाच्या हाती लागतो. अखेर डिसेंबरमध्ये, न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्या फेडरल न्यायालयात, नागरी हक्क हिरावण्याच्या कटाबद्दल तिघांनाही दहा वर्षांची शिक्षा झाली. वापरलेला कायदा यादवी युद्धानंतरचा, १८७० चा होता.

रोला नवं नाव मिळालं, नवा पत्ता मिळाला. १९७५ मध्ये सिनेट समितीपुढे तो चेहऱ्यावर कापडी बुरखा घालून बसला आणि त्याने १९६१ ची गोष्ट उघडपणे सांगितली. १९७८ मध्ये अलाबामाने त्याच्यावर लिउझोच्या खुनाचा आरोप ठेवला, पण साक्षीच्या बदल्यात त्याला अभय दिलं गेलं होतं म्हणून फेडरल न्यायालयांनी खटला चालू दिला नाही. न्याय विभागाच्या विशेष पथकाने चौकशी केली तेव्हा निघालं की रोच्या मारहाणी त्याच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होत्या आणि त्यांनी त्या झाकल्या होत्या.

१९८३ मध्ये मिशिगन राज्यातल्या दोन फेडरल न्यायालयांत दोन निकाल लागले. बर्गमन यांच्या दाव्यात न्यायालय म्हणालं की एफबीआयला हल्ल्याची आगाऊ माहिती होती, तो रोखण्यासाठी काही करणं तिचं कर्तव्य होतं, ते तिने केलं नाही, म्हणून सरकार जबाबदार. लिउझोच्या मुलांच्या दाव्यात दुसऱ्या न्यायाधीशांनी ठरवलं की खून होईल हे अधिकाऱ्यांना दिसणं शक्य नव्हतं, म्हणून सरकार जबाबदार नाही. या दुसऱ्या निकालावर माझा आक्षेप आहे. त्या एका दिवसापुरतं पाहिलं तर कदाचित दिसलं नसेल. पण १९६१ चं छायाचित्र ज्यांच्या फायलीत होतं, त्यांनी त्याच माणसाला त्याच प्रकारच्या सोबतीत, त्याच प्रकारच्या दिवशी पाठवलं, हे वेगळं काढून कसं पाहायचं? त्यावर कळस म्हणजे दावा हरलेल्या मुलांवर सुरुवातीला सरकारच्या खर्चाचे सुमारे ऐंशी हजार डॉलर लादले गेले. नंतर ती रक्कम खूप कमी केली गेली.

याच संघटनेत, वेगळ्या गावात, दुसऱ्या पद्धतीने शिरता येतं याचं उदाहरण त्या दरम्यान घडून गेलं होतं. १९७८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये रॉन स्टॉलवर्थ या काळ्या गुप्तहेर अधिकाऱ्याने वृत्तपत्रातल्या क्लॅनच्या जाहिरातीला उत्तर दिलं. फोनवर तो बोलायचा, बैठकींना त्याच्या नावाने एक गोरा पोलीस जायचा. संघटनेचे नेते डेव्हिड ड्यूक यांच्या सहीचं सभासदपत्र त्याला मिळालं. सैन्यात काम करणारे सभासद उघड झाले, आणि स्टॉलवर्थच्या सांगण्यानुसार दहशत बसवण्यासाठी क्रॉस जाळण्याचा बेत कळला की त्या भागात गस्त वाढवली जाई आणि बेत बारगळे. इथे खबर कुठेतरी जात होती. गावाचा आकार, तो काळ आणि गटाची ताकद वेगळी होती, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण शिरणारा स्वतः पोलीस होता, आणि खबर मिळवणारं खातं आणि तिच्यावर कारवाई करणारं खातं एकच होतं. बर्मिंगहॅमला नेमकं तेच नव्हतं.

सिनेटच्या चौकशीनंतर, १९७६ मध्ये, ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी खबऱ्यांबाबत लेखी नियम केले. खबऱ्याने हिंसेत भाग घ्यायचा नाही, गुन्ह्याचा बेत स्वतः सुचवायचा नाही, आणि त्याने केलेला गुन्हा एफबीआयने झाकायचा नाही. पुढच्या सुधारणांत आणखी एक गोष्ट आली: खबऱ्याला एखादं एरवी बेकायदा ठरणारं काम करू द्यायचं असेल तर ते आधी, लेखी, ठरावीक मुदतीसाठी मंजूर करावं लागतं, आणि हिंसेला अशी मंजुरी देताच येत नाही. रोच्या पाच वर्षांत असा एकही कागद नव्हता. हे नियम मात्र संसदेचा कायदा नाहीत. ते ॲटर्नी जनरलचे आदेश आहेत, आणि पुढच्या ॲटर्नी जनरलना ते बदलता येतात. त्यांनी ते वेळोवेळी बदललेही आहेत. आणि खबऱ्याचे हात बांधणं हा बर्मिंगहॅमच्या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. स्थानिक पोलीसच कटात सामील असतील तेव्हा खबर कुणाला द्यायची, आणि ज्याच्यावर हल्ला होणार आहे त्याला सावध करण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, नावानिशी, हा उरलेला अर्धा भाग खबऱ्याने काय करू नये हे सांगणाऱ्या नियमांनी सुटत नाही.